हळदीची गुंडाळलेली पाने आणि फवारणी

संपादक महोदय,

श्रावण लागला की गोव्यात पातोळ्यांसाठी हळदीच्या पानांची शोधाशोध सुरू होते, आणि नेमकी त्याच सुमारास काही पाने कडेने कातरून नळीसारखी गुंडाळलेली दिसतात. आमच्या परसातील वाफ्यात असे दिसताच एका परिचितांनी 'रोग पडला, औषध मारा' असा सल्ला दिला. ज्या पानात तांदळाचे पीठ आणि गूळ-खोबरे घालून वाफवायचे, त्याच पानावर विष फवारणे मला पटले नाही, म्हणून हे पत्र.

ती नळी उलगडली तर आत हिरवट, काहीशी पारदर्शक, मोठ्या डोक्याची आणि बारीक मानेची अळी सापडते. ती 'ग्रास डेमन' या फुलपाखराची. शास्त्रीय नाव उदास्पेस फोलस. नावात गवत असले तरी अळी वाढते ती हळद, आले, सोनटक्का या एकाच कुळातील झाडांवर, आणि पश्चिम घाटाच्या ओलसर रानात रानहळदीवरही. पानाची कड दुमडून ती रेशमी धाग्यांनी शिवून टाकते व त्या आडोशाला राहते. पुढे कोषही तिथेच होतो. त्या कोषात सोंडेचे म्हणजे शुंडेचे आवरण पोटाच्या टोकाच्याही पलीकडे दोऱ्यासारखे लोंबत असते, कारण या फुलपाखराची सोंडच फार लांब असते, आणि तिने लांब नळीच्या फुलांतील मध त्याला सहज पिता येतो.

फुलपाखरू तपकिरी, मागच्या पंखावर मोठा पांढरा डाग. जाड अंग आणि झटके देत उडण्याची सवय यामुळे बहुतेक जण त्याला पतंग समजतात. मात्र मिशांच्या टोकाशी असलेला आकडा पाहिला की ते 'स्किपर' कुळातले, हे ओळखता येते. या कुळाला पूर्वी इतर फुलपाखरांपासून वेगळे काढले जात असे. जनुकीय अभ्यासानंतर ते फुलपाखरांतच गणले जाते.

हळदीचे पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला ही अळी उपद्रवी ठरू शकते, हे मान्य. परंतु परसातील दहा-बारा रोपांसाठी गुंडाळलेली पाने हाताने खुडली तरी पुरे. आम्ही विहिरीकडचे दोन कंद तसेच सोडले आहेत, आणि पातोळ्यांची पाने उरलेल्या रोपांवरून काढली. चतुर्थीपूर्वी आपण या फुलपाखराचे एखादे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, फोंडा