कलिंगड कापायचं कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादी टेक कंपनी गाळात गेली की अर्थविषयक पानावर दोन गोष्टी हमखास येतात. एक, शेअरचा घसरलेला आलेख. दुसरी, हाताची घडी घालून उभ्या असलेल्या प्रमुखाचा फोटो. ‘नवे सीईओ कंपनीला तारणार का?’ हा मथळाही ठरलेला. त्यांचा पगार किती, शिक्षण कुठे झालं, पहाटे किती वाजता उठतात, सगळं छापून येतं. त्यांच्यासमोर वाईट बातमी घेऊन जायची कोणाची छाती होते का, एवढंच येत नाही. आयटीत जन्म घालवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला नेमकं तेच वाचायचं असतं.

नोकियाचं उदाहरण घेतो, कारण ही कंपनी आपल्या सगळ्यांच्या खिशात होती. २००३ साली आलेला टॉर्चवाला ११०० आठवत असेल. लोडशेडिंगच्या काळात आमच्या घरी त्याचा फोनपेक्षा बॅटरी म्हणूनच जास्त वापर झाला. त्या एका मॉडेलचे जगभरात २५ कोटींच्या आसपास फोन खपले. २००७ मध्ये जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोबाइलपैकी जवळपास चार नोकियाचे होते. आणि सप्टेंबर २०१३ मध्ये हाच फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला ५४४ कोटी युरोंना (पेटंटच्या परवान्यासकट) विकून टाकायची घोषणा झाली. ‘आयफोन आला, नोकिया गेली’ असं आपण म्हणतो आणि विषय मिटवतो. पण पैसा, इंजिनीअर, कारखाने, दुकानदारांचं जाळं, यातलं काहीही नोकियाकडे कमी नव्हतं.

२०१६ मध्ये वुओरी आणि हुय या दोन संशोधकांनी नोकियाच्या पडझडीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. वरचे अधिकारी, मधली फळी, इंजिनीअर, बाहेरचे जाणकार अशा ७६ मुलाखती त्यांनी घेतल्या होत्या. त्यातून निघालं ते असं: वरच्यांना भीती प्रतिस्पर्ध्यांची आणि शेअर बाजाराची, मधल्यांना भीती वरच्यांची. वरून दट्ट्या यायचा की नवा फोन लवकर हवा. नोकियाचे फोन चालवणारी सिंबियन ही जुनी प्रणाली आयफोनला पुरी पडणार नाही, हे खालच्यांना दिसत होतं. पण साहेब भर बैठकीत ओरडणारे, मग सांगणार कोण? ‘होईल, जमेल’ असं उत्तर वर जायचं आणि वरचे त्यावर पुढची आश्वासनं देऊन मोकळे व्हायचे. त्या अभ्यासातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. एका बैठकीत मधल्या फळीतला एक जण शेजारच्याला सुचवतो, साहेबांच्या निर्णयाला हरकत घे. तो म्हणतो, माझ्यात ती हिंमत नाही, मला बायकामुलं आहेत, मुलं लहान आहेत.

हे वाचून मी फिनलंडहून थेट हिंजवडीत येऊन पडलो. आमच्या कंपनीत (नाव कशाला लिहू?) दर शुक्रवारी प्रोजेक्टचा रंग कळवायचा असे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे बोंब. आमच्या साहेबांचं एक लाडकं वाक्य होतं, ‘प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्यूशन घेऊन या.’ ऐकायला झकास. पण ज्या प्रॉब्लेमला सोल्यूशन नाही तो मग कोणी सांगतच नाही, आणि कंपनी बुडवतो तो तसलाच. एका शुक्रवारी टीममधल्या दोन वर्षांच्या अनुभवाच्या मुलीने शीटमध्ये लाल भरलं. डेटा जुळत नव्हता, आणि तिचं बरोबर होतं. मी तिला कँटीनमध्ये चहा पाजून समजावलं आणि लालचा पिवळा केला. माझ्या वरच्याने पिवळ्याचा हिरवा केला. आमच्यात याला कलिंगड म्हणत. बाहेरून हिरवंगार, आतून लालभडक. ते कलिंगड सहा आठवड्यांनी क्लायंटच्या टेबलावर फुटलं. तेव्हा मुलगा सातवीत होता आणि घराचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते. त्यामुळे नोकियातल्या त्या अनोळखी माणसाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

मग सगळा दोष धाकाचाच, आणि खरं बोलणारा साहेब आणला की काम झालं? नोकियाने तोही प्रयोग करून पाहिला. सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून स्टीफन एलॉप आले, कंपनीचे पहिले बिगर-फिनिश प्रमुख. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र बाहेर फुटलं. समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटाला आग लागली आहे, जळून मरायचं की बर्फगार पाण्यात उडी मारायची, अशी त्याची सुरुवात. नोकियावाल्यांचं प्रेझेंटेशन घोटून होण्याआधी चिनी कंपन्या फोन तयार करतात, हा टोमणाही त्यात होता. पत्रातलं बहुतेक सगळं खरं होतं. पण पाठोपाठ, ११ फेब्रुवारीला, यापुढे आमचे स्मार्टफोन विंडोजवर चालतील असं त्यांनी जाहीर केलं, आणि त्या प्रणालीचा पहिला ल्युमिया फोन दुकानात यायला नोव्हेंबर उजाडला. नवा माल यायच्या नऊ महिने आधी दुकानदाराने स्वतःच ‘आतला माल टाकाऊ आहे’ अशी पाटी लावावी, तसं झालं. सिंबियनचा खप कोसळला. आधीच्यांनी खरं ऐकून घेतलं नाही, यांनी ते चव्हाट्यावर ओरडून सांगितलं. एलॉपना मिळालेली कंपनी आधीच आजारी होती हे मान्य. पण वैद्याने नाडी बरोबर ओळखली तरी ओसरीवर उभं राहून ‘हा जगत नाही’ असं ओरडू नये, एवढं तर आपल्याकडची आजीही सांगेल.

विक्रीनंतर एलॉप मायक्रोसॉफ्टमध्ये परतले. जाताना मिळणारी रक्कम सुमारे १ कोटी ८८ लाख युरो असल्याचं जाहीर झालं तेव्हा फिनलंडमध्ये गदारोळ उठला. इकडे चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना करवादामुळे या व्यवहारातून बाहेर राहिला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. तिथे फोन जुळवणाऱ्या हजारो पोरापोरींचा हिशेब कोणत्याही सीईओच्या चरित्रात येणार नाही. मायक्रोसॉफ्टचंही भलं झालं नाही. २०१५ मध्ये त्यांनी या खरेदीपोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकले.

उरलेली नोकिया मात्र तगली, याचं आपल्याकडे कोणी फारसं लिहीत नाही. मे २०१२ मध्ये अध्यक्ष झालेल्या रिस्तो सिलास्मा यांनी संचालक मंडळात एक रीतच पाडली: वाईट बातमी ही चांगली बातमी, आणि काहीच बातमी नसेल तर तीच वाईट. नोकियाच्या नेटवर्कच्या धंद्यात सीमेन्स या जर्मन कंपनीचा अर्धा वाटा होता, तो त्यांनी २०१३ मध्ये विकत घेतला. फोन विकल्यावर राजीव सुरी या मणिपालला शिकलेल्या इंजिनीअरकडे कंपनी सोपवली. आज नोकिया मोबाइलच्या टॉवरची यंत्रणा विकते. अध्यक्षांच्या बोलण्याने यंत्रं तयार होत नाहीत, हे मलाही कळतं. पण अर्धा वाटा घ्यायचा की फोन विकायचा, असले निर्णय घेताना समोरचे आकडे रंग मारलेले नसावे लागतात.

म्हणून एक विनंती. यापुढे आपला वार्ताहर एखाद्या अडचणीतल्या कंपनीच्या प्रमुखाला भेटेल, तेव्हा पहाटे उठण्याबद्दल एक प्रश्न कमी विचारावा. त्याऐवजी विचारावं, तुमच्या कंपनीतली शेवटची वाईट बातमी तुम्हाला कोणी सांगितली, आणि तो माणूस आज कोणत्या हुद्द्यावर आहे? उत्तर द्यायला किती वेळ लागला, तेही छापावं.

आपला,
एक निवृत्त प्रोजेक्ट मॅनेजर, चिंचवड