ऊसतोड कुटुंबांतील मुलांचे काय?

आई-वडिलांच्या शिक्षणाचा मुलांच्या शिक्षणावर देशोदेशी होणारा परिणाम सांगणारा रविवार पुरवणीतील लेख पटला. मात्र त्यात स्थलांतराचा विचार हवा होता. आई-वडील व मुलांच्या शिक्षणातले हे नाते डेन्मार्कसारख्या देशांत सैल, तर आफ्रिका व दक्षिण आशियात घट्ट असल्याचे जागतिक बँकेचा २०१८ चा अहवाल सांगतो. आमच्याकडे धारूर, केज, पाटोदा भागांतून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांसोबत मुलेही फडावर जातात आणि अख्खे दुसरे सत्र बुडते. अक्षरओळख नसलेले आई-वडील हा अभ्यास भरून काढणार कसा? अशा मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण ती टोळ्या निघण्याआधी सुरू व्हायला हवीत. शिवाय तिथे केवळ जेवण नको, संध्याकाळी अभ्यास घेणारा शिक्षकही नेमावा.

– एक वाचक, माजलगाव (जि. बीड)