नामानाच्या घरातल्या त्या मुलीसाठी, बाई, तुमचे आभार

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत तुम्हालाच पाठवली. पण प्रतीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहून फिटेल असं हे ऋण नाही. शिवाय मुलांसाठी ख्रिस्ती दृष्टीने लिहू पाहणाऱ्या आणखी कुणाला तुमच्या वाचनातून काही मिळावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

बायबलमधल्या जुन्या करारातलं २ राजे, अध्याय ५. शेजारच्या अराम देशातल्या टोळ्यांनी इस्राएलातून धरून नेलेली एक लहान मुलगी तिथल्या सेनापती नामानाच्या घरी त्याच्या बायकोची दासी होते. नामानाला कुष्ठरोग आहे. धनी इस्राएलातल्या शोमरोनच्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील, असं ती मालकिणीला सांगते. तिच्या वाट्याला आलेलं बोलणं एवढंच. तिचं नाव दिलेलं नाही, पुढे तिचं काय झालं तेही नाही. नामान मात्र त्या संदेष्ट्याच्या, अलीशाच्या, दारात जातो, चिडतो, शेवटी यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो आणि बरा होतो. संडे स्कूलमध्ये, चर्चच्या रविवारच्या वर्गात, आपण ही गोष्ट बहुधा नामानाच्या गर्वाची म्हणून ऐकतो. मला ती मुलीच्या बाजूने सांगायची होती, दहा ते चौदा वर्षांच्या वाचकांना.

तुम्ही हस्तलिखित नुसतं वाचलं नाहीत. तुमचा तो रविवारचा वर्ग सुटल्यावर थांबायला तयार असलेल्या मुलांना एकेक प्रकरण वाचून दाखवलंत आणि ती कशी ऐकतात ते पेन्सिलीने समासात टिपत गेलात. ‘इथे चुळबुळ.’ ‘इथे दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.’ ‘इथे कुणी हललं नाही.’ ज्या पानावर मालकीण मुलीला देवाविषयी विचारते आणि मुलगी लांबलचक उत्तर देते, तिथे तुमची चुळबुळीची खूण होती. त्याच्या पुढच्याच पानावर, ती आजारी मालकिणीच्या उशाशी रात्रभर बसते, तिथे ‘कुणी हललं नाही’. त्या दोन खुणा शेजारी शेजारी पाहिल्या आणि विश्वास गोष्टीत कुठे ठेवायचा हे मला कुठल्याही लेखन कार्यशाळेपेक्षा जास्त स्पष्ट कळलं.

दुसऱ्या प्रकरणाखाली एका मुलाचा प्रश्न तुम्ही जसाच्या तसा उतरवला होता : ‘तिची आई कुठंय?’ आणि खाली तुमच्या अक्षरात, ‘इतकी वर्षं शिकवतेय, मला हा प्रश्न पडला नव्हता.’

पुस्तक तिथून बदललं. बायबल आईबद्दल काहीच सांगत नाही. छाप्यात मारली गेली, दुसऱ्या कुणाच्या घरी दासी झाली, की गावातच राहिली? मुलीला ते ठाऊक नाही, म्हणून पुस्तकही सांगत नाही. पण हा प्रश्न घेऊन ती भांडी घासते, पाणी भरते, मालकिणीचे केस विंचरते. आणि मग तिचं ते एक वाक्य फार जड होऊन बसतं. ज्याच्या माणसांनी घर तोडलं, त्याचंच भलं व्हावं असं तिला का वाटावं? ‘ती गुणी मुलगी होती’ एवढ्यावर हे भागत नाही. तुम्ही लिहिलंत, ‘तिला राग येऊ द्या. भरपूर येऊ द्या.’ त्यातून ते अख्खं प्रकरण आलं, ज्यात तिला संदेष्ट्याचं नाव माहीत आहे, धन्याचं दुखणं वाढताना ती रोज बघते, आणि तरी तोंड उघडत नाही. ते वाचल्यावर वर्गातल्या एकीने विचारलं, ‘तिने नाहीच सांगितलं तर देव रागावेल का?’ तुम्ही उत्तर दिलं नाहीत, पुढचं प्रकरण वाचायला घेतलंत. त्याबद्दल तर तुमचे विशेष आभार.

मालकीण दुष्ट नको, हा आग्रहही तुमचाच. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, येशूने वाटेवरच्या जखमी माणसाला उचलायला परका, नावडता माणूसच निवडला, मग आपल्या पुस्तकांतले परके लोक नेहमी वाईट का असावेत, असं तुम्ही फोनवर म्हणालात. पटलं.

शेवटाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. एका प्रकाशकाचं म्हणणं होतं की मुलगी आईकडे परतलीच पाहिजे, ख्रिस्ती पुस्तक मुलांना निराश करून कसं चालेल? तेव्हा तुमचं लांबलचक पत्र आलं. लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातल्या येशूच्या गोष्टीत घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो, पण थोरला दाराबाहेरच असतो, बाप त्याला विनवत असतो, आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगतच नाही, याकडे तुम्ही लक्ष वेधलंत. स्तोत्र ८८ अंधारात संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कारण तो आक्रोश देवाशीच केलेला आहे, हेही. आणि शेवटी वर्गातल्या मुलांबद्दल लिहिलंत : यातल्या कुणीतरी घरातल्या आजारी माणसासाठी रोज गुडघे टेकले आहेत आणि ते माणूस गेलं आहे. त्या मुलाच्या हातात सगळं जमून आलेलं पुस्तक ठेवलं, तर ते पुस्तक तर मिटेलच, पण आपण बाकी जे सांगतो तेही खोटं असेल अशी शंका त्याच्या मनात येईल. हे पत्र मी पुढच्या प्रकाशकाला माझ्या पत्रासोबत जोडून पाठवलं. शेवट तसाच राहिला. नामान बरा होऊन परत येतो, अंगण माणसांनी भरतं, मुलगी दाराशी उभी असते आणि त्या गडबडीतून मालकीण तिच्याकडे येते. पहिल्यांदाच ती तिचं नाव विचारते.

आता एक नवं काम. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २३ : कैदेत असलेल्या प्रेषित पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचं नाही अशी शपथ घेतलेल्या चाळीसहून अधिक जणांचा कट त्याच्या भाच्याच्या कानावर येतो. रोमी सरदार त्या पोराचा हात धरून त्याला बाजूला नेतो आणि विचारतो, काय सांगायचंय? हा मुलगाही निनावीच. पहिली तीन प्रकरणं टपालाने पाठवली आहेत, समास मुद्दाम रुंद ठेवला आहे. वर्गातल्या थोरल्या मुलांना वाचून दाखवाल का? दुसऱ्या प्रकरणात तो मामाला भेटायला गढीत शिरतो, तिथे मुलांना भीती वाटते का, तेवढं आधी कळवा.

तुमची कृतज्ञ,
एक लेखिका