ज्यूंची घंटा पूजेतली नव्हे

महोदय,

शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत सध्या सहा टोकांचा तारा कोरलेल्या पितळी हातघंटा दिसतात. सोबतच्या चिठ्ठीवर ‘ज्यूंची पवित्र घंटा, घरातील वाईट शक्ती घालवते’ असे छापलेले असते. भांडीबाजारात आमचे पिढीजात तांब्यापितळेचे दुकान असल्याने गिऱ्हाइके मलाही तशी घंटा मागतात. मी ती त्या चिठ्ठीसह विकत नाही.

ज्यूंच्या प्रार्थनेत आपल्या देवघरातल्यासारखी हातात धरून वाजवायची घंटा नसतेच. त्यांच्या नववर्षाला फुंकतात ते मेंढ्याचे शिंग, शोफार. मूळच्या अलिबागकडच्या एक बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी ज्यू) आजी आमच्याकडे भांडी घ्यायला येत. त्यांनी मला मराठी बायबलातला ‘निर्गम’चा अठ्ठाविसावा अध्याय वाचायला लावला. मुख्य याजकाच्या, म्हणजे ज्यूंच्या मंदिरातल्या प्रमुख पुजाऱ्याच्या, निळ्या झग्याच्या घेराला एक सोन्याचे घुंगरू, एक सुताचे डाळिंब अशी झालर लावायची आज्ञा त्यात आहे. तो पवित्र स्थानी आत जाताना आणि बाहेर येताना तो आवाज ऐकू आला पाहिजे, नाहीतर तो मरेल, इतके कडक शब्द आहेत. देवापुढे कोणी न कळवता घुसू नये, मग तो मुख्य याजक का असेना, असा मी त्याचा अर्थ घेतो.

तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्रावरील चर्चेच्या ग्रंथात, ही घुंगरे बहात्तर सांगितली आहेत. मला सगळ्यात भिडली ती तिथली दुसरी गोष्ट: हा झगा निंदानालस्तीच्या पापाचे प्रायश्चित्त मानला जातो. जिभेने केलेले पाप आवाजानेच फिटावे! आणि प्रायश्चित्ताच्या मोठ्या दिवशी, योम किप्पूरला, तोच याजक परमपवित्र स्थानात जाताना सोन्याची वस्त्रे उतरवून साधी पांढरी तागाची नेसत असे. तिथे घुंगरांचा आवाज नाही.

हा याजक जिथे सेवा करी ते जेरुसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये रोमनांनी पाडले. २०११ साली तिथल्या एका प्राचीन सांडपाण्याच्या नालीत जेमतेम सेंटिमीटरभराचे सोन्याचे घुंगरू सापडले. ते याजकाचेच होते असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण ज्यूंच्या कित्येक सभास्थानांत (प्रार्थनागृहांत) आजही तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीच्या दांड्यांवर घुंगरे लावलेले चांदीचे शेंडे बसवतात. गुंडाळी बाहेर काढली की ती किणकिणतात आणि मंडळी उठून उभी राहतात. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आवाज करण्यावर बंधने असूनही काही शास्त्रकारांनी एवढ्याचसाठी त्यांना मुभा दिली.

नारोशंकराच्या देवळातली वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा कुठली, कोणाची, हे नाशिककर अभिमानाने सांगतात. दुसऱ्यांच्या घंटेबद्दलही तेवढीच चौकशी व्हावी. तारा कोरलेली घंटा शोभेसाठी जरूर विका, पण ती चिठ्ठी काढून टाका, अशी माझी सर्व दुकानदार बंधूंना विनंती आहे.

– एक वाचक, भांडीबाजार, नाशिक