ते कूळ नव्हते, सालगड्याच्या जवळचे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय चांगला निवडला. मात्र लेखाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर तिथल्या दक्षिणेत शेती करणाऱ्या मुक्त काळ्या माणसांना सरसकट ‘कूळ’ म्हटले आहे. हा शब्द इथे चालणार नाही, आणि का चालणार नाही यातच त्या काळाची सगळी गोम आहे.

आधी एक लहान दुरुस्ती. 1 जानेवारी 1863 च्या लिंकन यांच्या जाहीरनाम्याने सगळे गुलाम मोकळे झाले नाहीत. तो संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर प्रदेशापुरता होता. केंटकी, मेरिलँड, मिसुरी, डेलावेअर ही संघराज्यातच राहिलेली गुलामीची राज्ये त्यात नव्हती. देशभर गुलामी संपली ती डिसेंबर 1865 मध्ये, 13 व्या घटनादुरुस्तीने. तिच्यातही ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून’ अशी पाचर होती. तिच्या आडोशाने राज्ये पुढे कैदी खाणमालकांना आणि रेल्वे कंत्राटदारांना भाड्याने देऊ लागली. अलाबामात हा व्यवहार 1928 पर्यंत चालला.

आता जमिनीकडे येऊ. 12 जानेवारी 1865 रोजी जॉर्जियातल्या सव्हाना इथे संघराज्याच्या फौजेचे जनरल शर्मन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून, तुम्हाला काय हवे ते विचारले. जमीन द्या, ती आम्ही स्वतः कसू, असे उत्तर आले. चार दिवसांत हुकूम निघाला. चार्ल्सटनपासून दक्षिणेकडची बेटे आणि किनाऱ्यापासून तीस मैल आतपर्यंतची सोडून दिलेली भाताची शेते यांतून प्रत्येक कुटुंबाला कसण्याजोगी जास्तीत जास्त 40 एकर जमीन. जूनपर्यंत सुमारे 40 हजार माणसे सुमारे 4 लाख एकरांवर बसली, पेरणीही झाली. पण हातात होता तो ताबा, मालकीचा दाखला नव्हे. लिंकन यांच्या खुनानंतर आलेले अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी 29 मे 1865 च्या माफीच्या जाहीरनाम्याने बहुतेक बंडखोरांना मालमत्ता परत द्यायचे ठरवले आणि उभ्या पिकासकट जमिनी जुन्या मालकांकडे जाऊ लागल्या. मुक्त लोकांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांना ऑक्टोबरमध्ये त्याच पट्ट्यातल्या एडिस्टो बेटावर जाऊन हे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले.

जमीन गेली की उरते मजुरी, आणि मजुरीचा करार कोण लिहितो यावर सगळे येऊन ठेपते. मिसिसिपीने नोव्हेंबर 1865 मध्ये केलेला कायदा कलमवार वाचावा असा आहे. महिन्यापेक्षा जास्त मुदतीचा करार लेखी हवा. मुदतीआधी काम सोडले तर त्या वर्षाची तोवरची सगळी मजुरी बुडाली. पळालेल्या मजुराला कोणीही पकडून आणावे आणि पाच डॉलर, वर मैलाला दहा सेंट घ्यावेत; ते मालकाने द्यायचे आणि मजुराच्याच मजुरीतून कापायचे. दर जानेवारीत राहण्याचा किंवा कामाचा लेखी पुरावा दाखवायचा. तो नसलेला माणूस भटक्या ठरला, दंड झाला आणि पाच दिवसांत भरता आला नाही, तर जो दंड भरेल त्याच्याकडे राबायचे. शहराबाहेर जमीन खंडाने घ्यायलाही बंदी. म्हणजे कूळ होण्याचीच वाट बंद.

अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, 1866 चा नागरी हक्क कायदा आणि मग समान नागरिकत्वाची 14 वी घटनादुरुस्ती आणली, त्यात असले उघड कायदे गेले. 1866 मध्येच दक्षिणेतल्या पाच राज्यांत सरकारी जमीन वाटायचा कायदाही झाला. त्यात वर्षअखेरपर्यंत मुक्त गुलामांना आणि संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या गोऱ्यांना पहिला हक्क होता. पण कायदा जूनचा आणि बहुतेकांचे मजुरीचे करार डिसेंबरपर्यंतचे. करार मोडावा तर वर्षाची मजुरी जाते, थांबावे तर पहिला हक्क जातो. शिवाय जमीन बरीचशी दलदलीची किंवा रानाची, आणि बैल-नांगराला हातात पैसा नाही.

यातून बटाई आली. मालक जमीन, खोपटे, खेचर, नांगर आणि बी देणार आणि निम्मे पीक घेणार. स्वतःचे खेचर-अवजारे असतील तर मालकाचा वाटा धान्यात तिसरा आणि कापसात चौथा हिस्सा. इथवर आपल्याकडच्या अर्धेलीसारखेच वाटते. पण 1872 मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की मालकाच्या साधनांवर राबणारा बटाईदार हा मजूर आहे, त्याचा जमिनीवर ताबा नाही आणि वाटणी होईपर्यंत पीकही त्याचे नाही. वाटा म्हणजे पिकाच्या रूपातली मजुरी. कूळकायद्यामुळे मराठीत ‘कूळ’ म्हटले की कसणाऱ्याचा हक्क डोळ्यांपुढे येतो. ह्याला तो नव्हता. सालगड्याच्या तो अधिक जवळचा, फक्त नुकसानीत मात्र भागीदार.

बाकीचे काम दुकानदाराच्या वहीने केले. वर्षभर मक्याचे पीठ, डुकराचे खारवलेले मांस आणि कापड उधारीवर. रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा चढा, वर व्याज आणि उभ्या पिकावर बोजा. दुकानदाराला कापूसच हवा, कारण तो खाता येत नाही, विकावाच लागतो. म्हणून बांधापर्यंत कापूस आणि मका विकत. डिसेंबरात हिशेब होई तेव्हा वही दुकानदाराच्या अक्षरात आणि समोरचा बहुधा निरक्षर. 1866 च्या सुमारास पौंडाला तीस सेंटांवर असलेला कापूस 1894 आणि 1898 मध्ये सहा सेंटांच्याही खाली गेला. मग वर्षाअखेरीस बाकी निघणार ती कुणाकडे, हे सांगायला नको.

याच कापसाची दुसरी बाजू आपल्याकडे आहे. अमेरिकेचा माल थांबला तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो ओसरला. 1875 मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, त्यामागे वाढीव सारा होता, तशी ही पडलेली बाजारपेठही होती. त्यानंतर दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी आलेल्या 1879 च्या कायद्याने न्यायालयाला कर्जखतामागचा खरा हिशेब तपासता आला. जॉर्जियातल्या बटाईदाराला मात्र न्यायालयाने पिकाचा मालकही मानले नव्हते.

अर्पणपत्रिकेच्या वर्षाकडेही लेखकाने पाहायला हवे होते. फुल्यांचे पुस्तक निघाले त्याच 1873 मध्ये, 13 एप्रिलला, लुइझियानातल्या कोलफॅक्सच्या कचेरीत जमलेल्या काळ्या माणसांची कत्तल झाली. मृतांचे आकडे साठपासून दीडशेपर्यंत सांगितले जातात. दोषी ठरले तिघे, आणि तेही 1876 मध्ये सुटले: 14 वी घटनादुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसांना नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे पडले. मधल्या काळात, जून 1874 मध्ये, मुक्त लोकांची बचत बँक बुडाली. पाच सेंटांपासून ठेव घेणारी, पासबुकावर लिंकन छापणारी. 61 हजारांहून अधिक खातेदारांचे सुमारे 30 लाख डॉलर तिच्यात होते. 1870 मध्ये सनद बदलून जमीनजुमल्यावर कर्ज द्यायची मुभा मिळाली, सट्टेबाजांना पैसे गेले आणि 1873 च्या मंदीत ते परत आले नाहीत.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. पहिल्या भागात 1865 नंतर एकदम विसाव्या शतकात उडी आहे. पुढच्या भागात 1865 ते 1877 ला निदान एक स्तंभ द्यावा, आणि मिसिसिपीच्या त्या कायद्याच्या मजूर-कराराच्या कलमांचा मराठी तर्जुमा चौकटीत छापावा. अर्ध्या स्तंभात मावेल.

आपला,
एक वाचक, सातारा