विक्रीपूर्वी पुसलेल्या बिघाड कोडबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: आपल्याकडून घेतलेल्या वापरलेल्या हायब्रीड गाडीची मुख्य बॅटरी नादुरुस्त असल्याबाबत व ती माहिती दडवल्याबाबत

महोदय/महोदया,

या गाडीबद्दल आपल्या शाखेशी माझे आतापर्यंत सहा फोन आणि दोन भेटी झाल्या. प्रत्येक वेळी समोर नवा माणूस, आणि प्रत्येक वेळी कहाणी पहिल्यापासून. म्हणून आता सगळे एकदाच लिहून देतो.

आधी एक कबूल करतो. गाडी जुनी आहे हे मला माहीत होते. एक लाखाच्या वर चाललेल्या हायब्रीडची मुख्य बॅटरी नव्यासारखी नसणार, हेही माहीत होते. बॅटरी म्हातारी निघाली अशी माझी तक्रार नाही. तिने दिलेला इशारा विक्रीआधी पुसला गेला, ही माझी तक्रार आहे.

ताबा घेतला तेव्हा ओडोमीटर १,०८,६४० किलोमीटर दाखवत होता. पहिले दोन आठवडे गाडी जवळपासच फिरली. तेवढ्यातही दोन गोष्टी खटकल्या. मागच्या सीटच्या बाजूने पंख्याचा घरघराट यायचा. आणि पडद्यावरची चार्जची पट्टी, जी हळूहळू वरखाली व्हायला हवी, ती एका चढावर भरलेल्या स्थितीतून दोन कांड्यांवर यायची आणि उतार संपायच्या आत पुन्हा भरलेली दिसायची. मी फोन केला. उत्तर मिळाले, "हायब्रीड आहे साहेब, सवय व्हायला वेळ लागतो." सवय मला व्हायची होती की गाडीला, ते विचारायचे राहून गेले.

तिसऱ्या आठवड्यात घाटातून जाताना डॅशबोर्डवर लाल त्रिकोण लागला. इंजिन एकदा सुरू झाले ते बंदच होईना. ज्या पेट्रोलच्या बचतीसाठी हायब्रीड घेतली, ती बचत त्या दिवशी उलट्या दिशेने धावली. दुसऱ्या दिवशी मी गाडी आपल्याकडे न आणता हायब्रीडचे काम करणाऱ्या एका स्वतंत्र मेकॅनिककडे नेली. हा निर्णय किती बरोबर होता हे पुढे कळले.

त्यांनी गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड निघाला पी०ए८०, म्हणजे हायब्रीड बॅटरी पॅक बदलण्याची सूचना. या पॅकमध्ये २८ मॉड्यूल, म्हणजे सेलचे छोटे संच, आहेत आणि गाडीचा संगणक त्यांच्याकडे जोडीजोडीने, म्हणजे १४ ब्लॉक म्हणून पाहतो. गाडीवर भार टाकला की १३ ब्लॉक जवळजवळ एका पातळीवर राहत होते आणि एक ब्लॉक सव्वा व्होल्टने खाली जात होता. या बॅटरीतला एक सेल १.२ व्होल्टचा असतो. मेकॅनिक म्हणाले, "एक सेल गेलाय. आणि कालपरवा गेलेला नाही."

मग त्यांनी मागच्या सीटशेजारची जाळी उघडली. बॅटरी थंड ठेवणारा पंखा तिथूनच गाडीतली हवा आत ओढतो. पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि केसांचा नमद्यासारखा थर बसला होता. केस कुत्र्याचे. आमच्या घरी कुत्रा नाही, आणि माझ्या डोक्याबद्दल बोलायचे तर तिथून गळण्यासारखे आता फारसे काही उरलेले नाही. भरीस भर म्हणजे, आपण भेट म्हणून चढवून दिलेले नवे सीट कव्हर त्याच जाळीच्या अर्ध्या भागावर ताणून बसवलेले होते. जी बॅटरी आधीच गुदमरत होती, तिच्या नाकावर आपण रुमाल बांधून दिलात. आपल्या तपासणी अहवालात मात्र "हायब्रीड प्रणाली" आणि "बॅटरी कूलिंग" या दोन्ही रकान्यांसमोर बरोबरची खूण आहे.

आता मुख्य मुद्दा. बिघाड कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, ते अंतर संगणक स्वतःच मोजत असतो. त्या दिवशी हा आकडा होता ४३७ किलोमीटर आणि ओडोमीटर होता १,०९,०५२. दोन्ही आकडे एकाच फोटोत आहेत. वजाबाकी केली की १,०८,६१५ येतात. आपल्या तपासणी अहवालावर ओडोमीटरची नोंद १,०८,६११ आहे. चाचणी फेरीच्या फॉर्मवर, माझ्या सहीच्या वर, १,०८,६२२ आहे. म्हणजे अहवाल तयार झाल्यानंतर आणि मी स्टीअरिंगमागे बसण्याच्या सात किलोमीटर आधी गाडीची स्मृती कोरी करण्यात आली. त्या वेळी गाडी आपल्या आवारात होती.

यावर आपल्या व्यवस्थापकांनी सांगितले की, बारा व्होल्टची छोटी बॅटरी बदलली होती, तिचे कनेक्शन काढले की हा आकडा आपोआप शून्य होतो. कनेक्शन काढल्याने असे होऊ शकते, हे मला मान्य आहे. पण गाडीतल्या त्या छोट्या बॅटरीवर छापलेली तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची आहे. मग बदलले काय? आणि कनेक्शन दुसऱ्या कशासाठी काढले असेल, तर त्याआधीच्या स्कॅनची प्रत दाखवा, विषय संपेल. ती प्रत मी तीनदा मागितली. तिन्ही वेळा "सिस्टममध्ये शोधतो" असे उत्तर आले.

यानंतर मी गाडी आपल्या कार्यशाळेत आणली. अर्ध्या तासात ती परत मिळाली, दिवा गेलेला, कार्डावर शेरा "दुरुस्ती पूर्ण". तीन दिवसांनी तोच दिवा, तोच कोड. कोड पुसल्याने सेल जिवंत होत नाही. ब्लॉकमधला फरक संगणकाला पुन्हा दिसेपर्यंत दिवा तेवढा गप्प बसतो. हेच विक्रीआधी झाले असावे अशी मला आतापर्यंत शंका होती. आपल्या कार्यशाळेने ते करून दाखवल्याबद्दल आभार.

दुसऱ्या भेटीत मला करारातले "गाडी जशी आहे तशी" हे कलम दाखवण्यात आले. पदरी पडले पवित्र झाले, असे म्हणून मी गप्प बसावे अशी अपेक्षा दिसली. ते कलम मी वाचून सही केली आहे. पण गाडी जशी होती तशी आपण ती दाखवलीच नाही. लाल त्रिकोण लागलेली गाडी दाखवली असती, तर मी एक तर घेतली नसती किंवा बॅटरीचा खर्च वजा करून बोललो असतो. तो निर्णय माझा होता.

एक मॉड्यूल बदलून देण्याची आपली तयारी मला फोनवर कळवण्यात आली. ती मी नाकारतो. बाकीची २७ मॉड्यूल त्याच वयाची आहेत आणि त्याच तुंबलेल्या पंख्यामागे तापलेली आहेत. त्यांत एक ताजे मॉड्यूल घातले, तर काही महिन्यांनी दुसरे जाईल, मग तिसरे, आणि दर वेळी मी आपल्या प्रतीक्षा कक्षात बसेन.

मला संपूर्ण पॅक बदलून हवा आहे, पंखा आणि त्याचा हवामार्ग साफ करून, आणि नव्या पॅकची लेखी हमीही. ते जमत नसेल तर गाडी परत घ्यावी आणि नोंदणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. कोणताही पर्याय निवडलात तरी विक्रीपूर्वीच्या स्कॅनची प्रत मला हवीच आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. फोटो, तपासणी अहवाल, चाचणी फेरीचा फॉर्म, कार्यशाळेचे कार्ड आणि मेकॅनिकचा लेखी अभिप्राय यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

गाडी सध्या दारात उभी आहे आणि मी ती चालवत नाही. तपासायला कोणी येणार असेल तर आदल्या दिवशी कळवावे. स्कॅनर माझ्यासमोर लावावा, आणि पडद्याचा फोटो मी काढेपर्यंत कोणतेही बटण दाबू नये.

आपला,
गाडीचा खरेदीदार