बंड्याला पत्र: शनिवारी रात्री दहाला खेळायला बस

देवगड, जून महिना, पाऊस चालू

प्रिय बंड्या,

दुपारी तीनला लाईट गेलीय ती अजून आली नाही. आत्ता साडेसहा वाजले. इन्व्हर्टर पंख्यासाठी आणि राउटरसाठी राखून ठेवलाय, त्यावर पीसी लावला तर तासाभरात बॅटरी बसेल, म्हणून म्हटलं तुझ्याशी फोनवर जे नेहमी अर्धवट राहतं ते आज निवांत टाईप करून टाकू.

मागच्या वेळी तू विचारलंस, अजून खेळतोस काय रे? खेळतो, पण माझं गेमिंगचं वर्ष आंब्याच्या कलमांवर चालतं. मोहोर आला की फवारण्या, मग काढणी, अढी, पेट्या भरणं, वाशीची गाडी, रात्री जेवलो की डोळे मिटतात, मार्च ते मे पीसीवर आईने जुनी चादर टाकलेली असते. एकदा पाऊस लागला की बागेतलं काम थांबतं, दलालाकडून हिशेब येतो, हातात चार पैसे येतात आणि बरोब्बर त्याच वेळी जूनच्या शेवटी स्टीमचा, म्हणजे गेम विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानाचा, समर सेल. म्हणजे वेळ, पैसा आणि सेल तिन्ही एकदम येतात आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. याचा मला मनापासून राग येतो.

पूर्वी ७५ टक्के ऑफ दिसलं की मी घ्यायचोच. आज लायब्ररीत १४३ गेम आहेत आणि शेवटपर्यंत खेळलेले २१. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातले फुकटचे वेगळे, दर गुरुवारी घरात दत्ताची आरती झाली की फोनवरून तो आठवड्याचा गेम घेऊन टाकायची सवयच लागलीय. २०२० च्या मे महिन्यात लॉकडाऊनमध्ये जीटीए फाईव्ह असाच फुकट मिळाला होता, तू माझ्या घरी पडवीत बसून फोनवर अकाउंट काढलंस ते मला अजून आठवतं. आता मात्र एका सेलला एकच गेम. आणि घेतला की त्याच दिवशी चालवून बघायचा, कारण स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. त्यातही गोम आहे, हल्लीचे मोठे गेम पहिल्यांदा उघडले की शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, कंपाईल करत बसतात, माझ्या जुन्या प्रोसेसरवर त्यातच वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि तीसुद्धा खेळण्याच्या वेळेत मोजली जातात. दिवाळीनंतर घेतलेला एक गेम दर वळणावर अडखळत होता, मी १ तास ५२ मिनिटांवर बंद करून रिफंड टाकला, पैसे आले परत.

पण पैशापेक्षा जास्त त्रास खाऱ्या हवेचा. तुला पुण्यात कळणार नाही. मागच्या गणपतीनंतर कॅबिनेट उघडलं तर मागच्या स्क्रूंची डोकी गंजून लाल झालेली, स्क्रू ड्रायव्हर लावला की भुगा पडत होता, आणि एचडीएमआयच्या पोर्टाजवळ बारीक हिरवी बुरशीसारखी पूड. रॅम काढून खोडरबराने पट्ट्या पुसल्या तेव्हा कुठे डिस्प्ले आला. पॉवर सप्लायच्या जाळीत पालीचं पिल्लू मेलेलं होतं, ते चिमट्याने काढलं. आता पावसाळ्यात खेळत नसलो तरी रोज अर्धा तास पीसी चालू ठेवतो, त्याच्या गरमीनेच आतली ओल जाते. कंट्रोलर मात्र तांदळाच्या डब्यासारख्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. जुन्या कंट्रोलरची डावी स्टिक गेलीच होती, हात न लावता गेममधला माणूस आपोआप डावीकडे चालायचा. उघडून बघितलं, आत कार्बनची पट्टी असते त्यावर पत्रा घासत फिरतो, ती पट्टी झिजली की असं होतं. म्हणून नवीन घेताना हॉल इफेक्टवाला घेतला, त्यात लोहचुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे झिजायचा प्रश्न नाही. दोन पावसाळे काढले त्याने. तूही पुढचा घेशील तेव्हा तोच बघ, माझं ऐक.

आणि अर्थिंग! हे तुला सांगायचंच होतं. कॅबिनेटला उघडा हात लागला की बोटांत मुंग्या यायच्या, मी वर्षभर दुर्लक्ष केलं, मग एकदा आई पुसायला गेली आणि ओरडलीच, "ह्या डब्यात करंट येता रे!" वायरमनला बोलावलं. त्याने सांगितलं की पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतोच, तो जमिनीत जायला हवा, आणि आमच्या घराचं अर्थिंग नावालाच होतं. खाली कातळ, घर बांधताना कोणी खोल खणलंच नाही, दीड फुटावर पाईप सोडून दिलेला, आणि जांभा सुकला की अर्थिंग मिळत नाही. मग आम्ही दोघांनी परसातल्या माडाच्या आळ्याला लागून खड्डा मारला, तिथे बारा महिने न्हाणीचं पाणी जातं. पाईप, कोळसा, मीठ, परत कोळसा, परत मीठ, असं थर देत भरलं. संध्याकाळी मी मुद्दाम चप्पल काढून कॅबिनेटवर अख्खा हात ठेवला. काहीच नाही. बंड्या, नवीन ग्राफिक्स कार्ड आणलं त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

कार्ड सेकंडहँड घेतलं. ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम हे आभासी चलन कमवायचे, ते मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं तेव्हापासून वापरलेली कार्डं बाजारात खूप आली, प्रत्येक जण म्हणतो मायनिंगवर नव्हतं. मी माझं कॅबिनेट पोत्यात गुंडाळून कणकवलीला नेलं, ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे लावलं आणि विकणाऱ्याच्या समोर वीस मिनिटं फुल लोडवर चालवलं. ७४ डिग्रीच्या वर गेलं नाही, तेव्हाच साडेपंधरा हजार मोजले. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० आहे, १२ जीबीवालं. रॅम वाढवायची होती ती राहिली, २०२५ च्या शेवटी दुकानदाराने जो भाव सांगितला तो ऐकून मी परत आलो. मेमरीवाल्यांचा माल सगळा एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला आणि आपल्यासारख्यांना १६ जीबीच्या एका पट्टीसाठी महिनाभराचं पेट्रोल सोडावं लागतंय, हे मला पटत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगितली नाही. मागच्या जुलैत एका गेममध्ये माझे ३८ तास झाले होते, वरती सेव्हिंगचं चक्र फिरत होतं आणि त्याच सेकंदाला लाईट गेली. परत चालू केलं तर सेव्ह फाईल करप्ट. नेटवर क्लाऊडमध्ये कॉपी असेल म्हटलं, पण क्लाऊडवर सेव्ह गेम बंद करताना चढतो, आणि मी दुपारपासून बंदच केला नव्हता, आदल्या दिवशी नेट नव्हतं, तिथे चार दिवसांपूर्वीचा होता. तो गेम मी पुढे खेळलोच नाही. त्या रात्री मी समुद्रावर जाऊन बसलो होतो, कोणाला सांगणार, घरी सांगितलं तर खेळच तो असं म्हणतील. तुला सांगितलं तर कळेल. नंतर शोधलं तेव्हा कळलं की इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, ते इकोवर होतं. यूपीएस मोडवर टाकलं की लाईट जाताना बदल इतक्या पटकन होतो की पीसी बंद पडत नाही. आता लाईट गेली की पाच-दहा मिनिटांत सेव्ह करून नीट बाहेर येतो. एवढंसं बटण, आणि दोन वर्षं मला माहीत नव्हतं.

आता मुद्द्याचं. या सेलला माझा तो एकच गेम ठरलाय, स्प्लिट फिक्शन. २०२५ च्या मार्चमध्ये आला, दोघांशिवाय खेळताच येत नाही, एकट्याला मोडच नाही. मी घेतला की तुला घ्यायला नको, फ्रेंड्स पास म्हणून फुकट डाऊनलोड असतो त्यावर तू माझ्यासोबत खेळू शकतोस, आणि तुझ्या पीएस फाईव्हवरूनही जमतं, क्रॉसप्ले आहे. गेम काढणाऱ्या ईए कंपनीचं अकाउंट लागेल ते काढून ठेव, आणि शंभर जीबी जागा मोकळी कर. तुझं फायबर आहे, तुझं तासाभरात उतरेल. माझं ३० एमबीपीएसवर रात्रभर, ते मी शुक्रवारी झोपताना लावीन. केबल नारळावरून आलीय, वारा जास्त असला तर तुटते, तसं झालं तर मी मेसेज टाकीन.

लायब्ररीत १४३ गेम असून मी संध्याकाळी नुसता स्क्रोल करत बसतो रे, आणि याचं कारण तू इथे नाहीस हे आहे. शाळेतून येताना सायबर कॅफेत एका खुर्चीवर दोघं बसायचो, वीस रुपये तास, तू कीबोर्ड आणि मी माऊस. तसं खेळायचंय.

शनिवारी रात्री दहाला बस. वहिनीला आधीच सांगून ठेव. लाईट आली बघ आत्ता, आई हाक मारतेय, पंप लावायचाय.

तुझाच,
आप्पा